घुमटातली घोरपड

झिलूकाका कोणतीही वस्तू नुसती डोळ्यांनी पाहून समाधान मानत नसत. ते ती वाजवून पाहत. मी त्या गावच्या हायस्कुलात विज्ञानशिक्षिका म्हणून रुजू झाले त्या दिवशीच याचा अनुभव आला. देवगडहून आलेल्या एस.टी.च्या टपावरून माझी ट्रंक, वळकटी आणि सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी उतरवली गेली. न्यायला शाळेचे शिपाई झिलूकाका आले होते: पन्नाशी उलटलेले, काटकुळे, कानांच्या पाळ्या मोठ्या. त्यांनी पेटी उचलण्याआधी मधल्या बोटाच्या पेराने तिच्यावर दोनदा टकटक केली आणि कान जवळ नेला.

"बाईनू, हेच्यात काचा आसत?"

"हो. सांभाळून धरा."

"सांभाळतंय. पण एक काच आधीच जागेवर नाय."

मी हसले. संध्याकाळी पेटी उघडली, तेव्हा सूक्ष्मदर्शकाचा खालचा आरसा स्क्रूतून निसटून एका कोपऱ्यात पडलेला होता.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. प्राणिशास्त्रात पहिल्या वर्गाची पदवी हाती होती, एम.एस्सी.चा प्रवेश पुढच्या वर्षावर गेला होता आणि मधल्या वर्षाला मी प्रतीक्षालयापेक्षा अधिक किंमत देत नव्हते. मिठबावच्या अलीकडे, कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, बांधलेल्या त्या शाळेत मला शिकवणारा कोणी भेटेल, ही शक्यता मी विचारातही घेतली नव्हती.

नारळ आणि फणस वाजवून पारखणारे कोकणात घरोघरी आहेत. झिलूकाकांची मजल त्यापुढची होती. ते बाके वाजवत आणि कोणत्या बाकाच्या पायात भुंगा शिरला आहे ते सांगत. ते वर्गाच्या भिंती वाजवत. भिंतीवर ओल दिसण्याच्या आठ दिवस आधी त्यांना ती ऐकू येई. एकदा सहामाही परीक्षेच्या सकाळी एक विद्यार्थी पोट धरून ओसरीवर लोळत होता. काकांनी त्याला उताणे केले, पोटावर बोट ठेवून वर दुसऱ्या बोटाने ठोके दिले आणि गंभीरपणे निर्णय दिला, "ह्या पोटात कळ नाय. गणित आसा." मुलगा निमूट उठून परीक्षेला बसला. डॉक्टर छाती तपासताना हीच पद्धत वापरतात, हे मी त्यांना सांगितले. त्यांना त्याचे विशेष वाटले नाही. "डोळो फसता, कान नाय," एवढेच ते म्हणाले. हे त्यांचे नेहमीचे वाक्य होते.

शाळेचा तास, म्हणजे काशाच्या थाळीवरचे ठोके, तेच देत. पहिला ठोका हलका, दुसरा भरदार. हलका ठोका कशाला, असे मी विचारले तेव्हा म्हणाले, "एकदम मोठ्यान हाक मारूची नसता. आधी खाकरूचा."

या कानाचे मूळ घुमटात होते. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे मडके. लहान तोंड उघडे, मोठ्या तोंडावर घोरपडीचे कातडे ताणून बसवलेले. गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या आजोळी, मामाकडून, काका ते वाजवायला आणि मढवायलाही शिकले होते. चवथीच्या दिवसांत त्यांच्या वाडीतल्या आरत्या त्यांच्या घुमटावाचून सुरू होत नसत. आसपासच्या गावांतून मढवण्यासाठी घुमटे त्यांच्याकडेच येत. अर्थात घोरपडीही येत, मेलेल्या आणि कधी कधी जिवंत. त्यामुळे घोरपड आणि झिलूकाका ही दोन नावे गावाने एकमेकांना जोडून ठेवली होती, आणि त्याचाच त्रास त्यांना शाळेत होत होता.

शाळेत एक घोरपड होती. माझ्या आधीच्या विज्ञानशिक्षकांनी तिला पिल्लू असताना आणले आणि आंब्याच्या मोठ्या पेटीला जाळी लावून विज्ञानाच्या खोलीत ठेवले. मुलांनी तिचे नाव चंपा ठेवले. ते शिक्षक असेपर्यंत तिला बेडूक, माशांची डोकी, झुरळे वेळच्या वेळी मिळत. त्याच काळात हेडमास्तरांनी काकांना बजावले होते, "झिलू, या पेटीला तू हात लावायचा नाहीस. तुझा भरवसा आहे, पण लोकांच्या जिभेचा नाही." काका दोन वर्षे हा हुकूम पाळत होते. खोली झाडताना केरसुणी पेटीभोवती वळसा घेई आणि तेवढा चौकोन धुळीचा राही.

मार्चमध्ये त्या शिक्षकांची बदली झाली. मे महिन्याच्या सुट्टीत पेटी हेडमास्तरांच्या पडवीत राहिली. हेडमास्तर शुद्ध शाकाहारी, मनाने अत्यंत दयाळू. त्यांनी चंपाला रोज ताजा दूधभात घातला. जूनमध्ये पेटी माझ्या ताब्यात आली. मी पाळीपत्रक करून प्रत्येक वर्गाला एकेक दिवस वाटून दिला आणि माझे कर्तव्य संपले असे समजून प्रवेशाच्या अर्जांकडे वळले. मग श्रावण लागला. घरोघरी मासे बंद झाले, आणि ज्या घरात मुलांना मासळी नाही त्या घरातून घोरपडीला कुठून येणार? मुले भक्तिभावाने केळी आणू लागली, भिजवलेली चण्याची डाळ आणू लागली. सोमवारी तर साबुदाणा आला. हे कोणाला विचित्र वाटले नाही. चंपा शाळेची होती आणि शाळा श्रावण पाळत होती.

मी काय करत होते? मी निरीक्षण करत होते. माझ्या नोंदवहीत त्या आठवड्याची नोंद अशी आहे: 'हालचाल मंद. भूक कमी. हवेतील गारव्यामुळे सरपटणाऱ्या प्राण्यांत स्वाभाविक.' वाक्य निर्दोष आहे. फक्त ते पुस्तकातून आले होते, पेटीतून नव्हे.

श्रावणाच्या दुसऱ्या शनिवारी विज्ञानाच्या खोलीचे कौल सरकले आणि पाणी पेटीवर गळू लागले. मी काकांना पेटी हलवायला सांगितली.

"माका हुकूम नाय, बाईनू."

"हुकूम मी देते. उचला."

त्यांनी सवयीने पेटीच्या फळीवर ठोका दिला. मग दुसऱ्या बाजूला दिला. मग माझ्याकडे पाहिले.

"ही रिकामी वाजता."

"रिकामी कशी असेल? चंपा आत आहे."

"आसा. तरी रिकामी वाजता."

त्यांनी जाळी उघडली. चंपा पोटावर पडून होती. डोळे खोल गेलेले, कात बोटांना आणि शेपटाला जागोजाग चिकटून सुकलेली, मागच्या डाव्या पायाचे एक बोट काळे पडलेले. जवळ हात नेला तरी जीभ बाहेर आली नाही. काकांनी अंगठ्याने तिचा खालचा जबडा हळूच दाबला. तो ओल्या पुठ्ठ्यासारखा वाकला. मग त्यांनी शेपटाचे मूळ चिमटीत धरले.

"हय चरबी आसता. भूक लागली की जनावर आधी ता खाता. हिणा सगळा खाऊन संपवल्यान." मग त्यांनी विचारले, "काय घालतात हिका?"

मी पाळीपत्रक दाखवले. ते वाचत गेले: केळे, डाळ, दूधभात, साबुदाणा. त्यांचा चेहरा हसावे की रडावे अशा अवस्थेत होता.

"आवशीचो घो! श्रावण मी पाळतंय. हिणा खंय नवस केल्लो?"

शेपटाच्या मुळातल्या चरबीची माहिती माझ्या कोणत्याही प्रात्यक्षिकात आली नव्हती. ती तुम्हाला कशी, असे मी विचारले. उत्तर मला माहीत असायला हवे होते. "सोलल्यात मां," ते खाली पाहून म्हणाले. "किती सोलल्यो, माका म्हायत नाय. उपाशी जनावराचा चामडा पातळ, ता वाजणा नाय. म्हणान आधी शेपूट बघतंव." मग चंपाच्या पाठीवर तळवा ठेवून म्हणाले, "एक तरी उलट्या बाजून करून बघूया."

आम्ही हेडमास्तरांकडे गेलो. शाळेच्या आवारात श्रावणात अंडी-मासे त्यांना चालणारे नव्हते. काका तिला शाळेमागच्या स्वतःच्या घरी नेऊ इच्छीत होते. हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"झिलू, चतुर्थी जवळ आली आहे. तुझ्या घुमटाचे कातडे फाटले आहे, हे गावाला ठाऊक आहे. हे जनावर तुझ्या घरी दगावले तर लोक काय म्हणतील, कळते ना तुला?"

"कळता, मास्तरानू."

"मग?"

"म्हणान तर मरूक देवचंय नाय."

खरोखर, त्यांच्या घराच्या खुंटीवर घुमट फाटक्या तोंडाने टांगलेले होते. पावसाळी हवेने कातडे मधोमध उलले होते. काकांनी सुरी घेऊन ते उरलेले कातडे पुरते कापून काढले. चुलीवर वाळू भाजली, ती आडव्या ठेवलेल्या घुमटाच्या तळाशी पसरली, वर गोणपाट घातला आणि चंपाला आत सरकवले. तिचे धड मडक्यात नीट मावले; शेपूट लहान तोंडातून बाहेर आले. घोरपडीचे कातडे ज्याच्यावर असायचे त्याच्या आत आता घोरपड होती. मला ही रचना उष्णता टिकवण्याच्या दृष्टीने उत्कृष्ट वाटली, आणि मी तसे नोंदवले.

कोमट पाण्यात रोज बसवून त्यांनी चिकटलेली कात एकेका बोटावरून सोडवली. काळे पडलेले बोट गेले, बाकीची वाचली. ताज्या अंड्याचा बलक शिंपल्यात घेऊन ते तिच्या ओठांच्या कडेला थेंब थेंब सोडत. शेवंतीकाकी, त्यांच्या पत्नी, परसातून कोंबडीचे अंडे आणून देत आणि सोबत बोलणेही देत.

"तीस वर्सा संसार केलंय, बाईनू. तापान फणफणलंय तरी माका कधी पेज पाजूक नाय. आता बघा, घोरपडीक शिंपल्यान भरवता!"

"तू कधी रिकामी वाजाक नाय गो," काका मान वर न करता म्हणाले.

"ऐकलात? म्हातारो जालो तरी जीभ वळवळता. तिची नाय वळवळत, ह्येची वळवळता!"

मी शाळेतला स्प्रिंगचा काटा घेऊन रोज तिचे वजन करत असे. पहिले सहा दिवस ते उतरत गेले. सातव्या दिवशी आणखी उतरले. मी वही त्यांच्यासमोर धरली आणि स्पष्ट सांगितले, की आकडे प्रतिकूल आहेत. तिला जास्त दिवस त्रास देण्यात अर्थ नाही. त्यांनी घुमटाच्या मातीवर ठोका दिला, ऐकले, पुन्हा दिला.

"आवाज भरत इलो."

"काका, वजन खोटे बोलत नाही."

"आवाज पण नाय."

आम्ही दोघेही घुश्शातच राहिलो. आठव्या दिवशी गोणपाट बदलताना मला कारण सापडले: घट्ट झालेल्या, जशाच्या तशा डाळीचा गोळा. इतक्या दिवसांचा श्रावण तिच्या पोटात अडकून होता आणि तोच हळूहळू बाहेर पडत होता. वजन खोटे बोलले नव्हते. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. हे मी काकांना सांगितले. त्यांनी विजयाचा आविर्भाव केला नाही. "तुमचा यंत्र बरा आसा," ते म्हणाले, "तेका फक्त घाई आसा."

त्यानंतर खाणे बदलले. ओढ्यातल्या लहान कुर्ल्या कवचासकट ठेचून, गोगलगायी, कधी बेडकाची तंगडी. हाडाला हाड लागते, हे त्यांचे सूत्र. मी त्याला कॅल्शियम हे शास्त्रीय नाव दिले आणि ते हाडात मुरायला ऊन हवे, अशी पुरवणी जोडली. ऊन मात्र दुर्मिळ होते. ढग फाटले की काका असतील तिथून धावत आणि घुमट उचलून सड्यावरच्या कातळावर ठेवत. त्या महिन्यात शाळेचे तास घड्याळावर चालले नाहीत, उन्हावर चालले. भूगोलाचा एक तास तर तब्बल सव्वा तास चालला, आणि हेडमास्तर खिडकीतून कातळाकडे पाहत गप्प राहिले.

गाव गप्प नव्हते. नाक्यावरच्या दुकानात मी काकांसोबत होते तेव्हा दुकानदार बाबल्याने सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "काय रे झिलग्या, चवथीक नवा चामडा मां? खाऊक घालून फुगवतंस, तर बराच मोठा निघतला!"

लोक हसले. काकांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. एरवी त्यांच्या जिभेला उत्तर शोधावे लागत नसे. त्या दिवशी मात्र आधी बोट पुढे झाले. दारातल्या तांदळाच्या पोत्यावर त्यांनी टिचकी दिली, कान वाकडा केला आणि शांतपणे म्हणाले, "बाबल्या, तुझ्या तांदळाक किडो लागलो." गिऱ्हाइके पोत्यात हात घालून पाहू लागली आणि आम्ही निघालो. वाटेत त्यांचा पाय भराभर पडत होता. "मेली तर," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ह्या गावात माझो तास कोण ऐकतलो? पोरा म्हणतली, हो बघा, चंपाक मारून इलो." त्यांना कशाची भीती होती हे मला तोवर पुरते कळले नव्हते.

अठराव्या दिवशी मी वजनाच्या पिशवीत घालण्यासाठी चंपाला उचलायला गेले. तिने गळा फुगवला, फुत्कार टाकला आणि शेपटाचा असा सणसणीत फटका दिला की माझ्या दंडावर वळ उठला. मी ओरडले. काका घरातून धावत आले, वळ पाहिला आणि आनंदाने टाळी वाजवली.

"मारल्यान! शेवंते, बाहेर ये गो! बाईंका मारल्यान!"

शेवंतीकाकींनी मला खोबरेल लावले आणि चंपाला दोन अंडी दिली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वर्गात हेडमास्तरांच्या सहीची सूचना फिरली. ती मी जपून ठेवली आहे: 'शाळेच्या घोरपडीस श्रावण लागू नाही. तिच्या आहाराविषयी यापुढे श्री. झिलू यांचा शब्द प्रमाण मानावा.' श्रावण तोवर चार दिवसांचाच उरला होता.

चवथीला वाडीतल्या मांडावर, म्हणजे काकांच्या घरालगतच्या सामाईक अंगणात, आरतीला सगळे जमले. बाबल्याही होता. झांजा सरसावल्या आणि मग सर्वांच्या लक्षात आले की काकांच्या मांडीवर घुमट नाही. घुमट भिंतीशी होते आणि त्यात चंपा डोके बाहेर काढून बसली होती. काका घरात गेले आणि तिची जुनी आंब्याची पेटी घेऊन आले. जाळी काढली, पेटी उपडी घातली आणि तिच्यावर दोन्ही हातांनी सुरुवात केली. आधी हलका ठोका, मग भरदार.

पेटी छान वाजत होती. ती आता खरोखरच रिकामी होती. पहिल्या आरतीला लोक अवघडून म्हणत होते, दुसरीला मोकळे झाले. तिसऱ्या आरतीच्या मध्यावर चंपा घुमटातून उतरली आणि जीभ लपलपवत, चारी पायांवर, कोणाकडेही न पाहता मांडावरून चालत गेली. माणसे पाय वर घेऊन तिला वाट देत होती. बाबल्याने झांज थांबवली नाही, पण आरती संपल्यावर तो काकांच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "झिलू, पुढल्या वर्साक बकऱ्याचा चामडा मी आणून देतंय. चलात?"

"आवाज कमी येतलो."

"येवंदे."

"येवंदे," काका म्हणाले.

दिवाळीनंतर त्यांनी तिला सड्यापलीकडच्या काजूंच्या राईत सोडले. त्यांनी घोरपडीचे कातडे पुन्हा हातात घेतले नाही; घुमटे घेऊन येणाऱ्यांना ते बकऱ्याचे चामडे सुचवत आणि नको असेल तर परत पाठवत. मी जूनमध्ये एम.एस्सी.ला गेले. वहीतले 'हालचाल मंद' हे पान फाडून टाकण्याचा मोह झाला होता, पण ते मी ठेवले. कोणतीही नोंद करण्यापूर्वी मी ते आजही एकदा वाचते.

दोन वर्षांनी, एप्रिलमध्ये, किनाऱ्यावरचे नमुने गोळा करण्यासाठी मी मिठबावला गेले आणि परतीच्या दिवशी दोन तास काढून शाळेत डोकावले. तास दुसरेच कोणी देत होते. काकांचे कान गेले होते. शेवंतीकाकी म्हणाल्या, "ऐकाक येणा नाय, पण सुधारलो नाय. राईत बसलो आसतलो, बघा."

ते राईत एका वारुळापाशी उकिडवे बसले होते. वारुळाभोवती त्यांनी काट्यांचे कुंपण घातले होते, कोणी खणू नये म्हणून. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवले आणि जमिनीकडे दाखवले. धुळीत पावलांचे ठसे होते; मागच्या डाव्या पायाचा ठसा चारच बोटांचा. याहून चांगला पुरावा मी मागितला नसता. घोरपडी वारुळात अंडी घालतात, हे मात्र मला पुस्तकातूनच ठाऊक होते.

काकांनी एका हाताने वारुळाच्या भिंतीवर ठोका दिला आणि दुसऱ्या हाताचा तळवा शेजारी सपाट टेकवला. डोळे मिटले. कानांनी सोडलेले काम त्यांनी तळव्याला शिकवले होते.

"रिकामा नाय," ते जरा मोठ्याने म्हणाले.

त्यांनी माझा हात धरला आणि आपल्या हाताशेजारी ठेवला. मला तापलेल्या मातीखेरीज काही जाणवले नाही, हे नोंदवणे भाग आहे. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना ते कळले असावे.

"थांब गो बाय," ते म्हणाले. ओळख झाल्यापासून प्रथमच त्यांनी मला बाईनू म्हटले नव्हते. "हाताक घाई नको."

खालच्या वळणावर देवगडच्या एस.टी.चा हॉर्न वाजला. त्यांना तो ऐकू आला नाही. मला आला. मी हात काढला नाही.